गाडीत माणूस असेपर्यंत

व्हर्लीन हचिन्सने शेजाऱ्याच्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढली तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. गेले सतरा दिवस ती गाडी तिथेच दडवून ठेवत होती, कारण बंद गॅरेजचे दार उघडून जप्ती करता येत नाही. आपल्या घरासमोर येऊन ती गॅरेजच्या ओलीने काचेवर जमलेले बर्फ खरवडायला उतरली, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून गाड्या उचलून नेणारा टो ट्रक वळला. त्याच्यावर कसलेही नाव नव्हते. हातातली खरवडणी तिथेच टाकून ती आत शिरली आणि तिने चारही दारे लावून घेतली. पुढे घराची भिंत होती, आणि ट्रक गाडीच्या मागे आडवा उभा राहिला.

जाड जाकीट घातलेला एक तरुण उतरला. जाकिटावर डेल्मर असे शिवलेले होते. त्याने काचेवर बोटाने हलकेच टकटक केली.

"मॅडम, उतरा. थंडीत उगाच कशाला त्रास?"

"मी उतरणार नाही."

"नका उतरू. आत माणूस असला की मी गाडी उचलत नाही, तसा नियमच आहे." त्याने थर्मासचे झाकण फिरवले. "पण मला घाई नाही. आणि तुम्हाला कधीतरी बाथरूमला जावंच लागेल."

व्हर्लीन म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालत असे, औषधे देत असे. टोलेडो शहराच्या चार टोकांना तिची पाच घरे होती आणि तिच्या कामाच्या वेळेला तिकडे बस जात नव्हती. शरद ऋतूत तिच्या दोन म्हाताऱ्या एकाच महिन्यात वारल्या, कामाचे तास निम्म्यावर आले आणि गाडीचे तीन हप्ते थकले. गाडी गेली की उरलेली घरेही जाणार होती. आठ वाजता मिस्टर पेल्की तिची वाट पाहत बसणार होते. त्यांच्या हाताला कंप होता आणि इन्सुलिनची सुई त्यांना स्वतः टोचता येत नव्हती.

तिने वकीलबाईंना, ऑस्ट्रॉवस्कींना, फोन लावला. आवाज खाली ठेवण्याचा ती प्रयत्न करत होती, पण दात एकमेकांवर आपटत होते.

"तो आलाय. दिवाळखोरीचा अर्ज झाला की गाडीला हात लावता येत नाही, असं म्हणाला होतात तुम्ही."

"अर्ज झाला की. तुमचा झालेला नाही, व्हर्लीन."

"मी शुक्रवारी तुमची फी भरली."

"फी भरली म्हणजे अर्ज झाला नाही. कर्ज-समुपदेशनाचं प्रमाणपत्र आधी लागतं. दोनदा सांगितलं होतं मी."

"रविवारी सगळे धडे वाचले मी फोनवर."

"आणि शेवटचं बोलणं?"

तेवढेच राहिले होते. शेवटी समुपदेशकाशी बोलून महिन्याचा जमाखर्च सांगायचा होता. रविवारी तिची मुलगी कोरीन घरात होती. तिच्या कानावर जाऊ नये म्हणून व्हर्लीनने ते टाळले होते.

"त्यांची लाइन सात वाजता सुरू होते," ऑस्ट्रॉवस्कीबाई म्हणाल्या. "मी ऑफिसला निघते. कागद तयार आहेत. तुम्ही फक्त गाडीतून उतरू नका."

फोनची बॅटरी एकोणीस टक्के होती. चार्जर गाडी चालू असेपर्यंतच चालत असे आणि पेट्रोलचा लाल दिवा कालपासून लागलेला होता. तिने हीटर बंद केला आणि इंजिन चालू ठेवले. तिच्या श्वासाने काचा धुरकट होऊ लागल्या. डेल्मर कुठे उभा आहे ते दिसेनासे झाले. तिने बाहीने काच पुसली. तो तिथेच होता.

"मला राग नाही हं तुमचा," तो काचेतून म्हणाला. "गेल्या वर्षी माझ्या मावशीची उचलली मी. नाताळला अजून बोलावत नाही."

सातला समुपदेशनाचा फोन लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे एकेक विचारले: पगार, भाडे, किराणा, औषधे. व्हर्लीनची नजर आरशातल्या ट्रकवर होती. मग त्या म्हणाल्या, "येत्या काळात कुणासाठी जामीन राहणार आहात का? विचारते, कारण ही दिवाळखोरीची नोंद सात वर्षं राहते. घरमालक, बँक, जो कोणी तपासेल त्याला दिसेल."

कोरीनने कोलंबस शहरात कॉलेजजवळ भाड्याची खोली पाहिली होती. एकोणीस वर्षांच्या मुलीला एकटीच्या नावावर कोणी खोली देत नाही. जामीन म्हणून आईची सही हवी होती, आणि कागद सोमवारी द्यायचे होते.

"राहणार होते," व्हर्लीन म्हणाली. "आता नाही."

सव्वासातला प्रमाणपत्र निघाले. सात एकतीसला ऑस्ट्रॉवस्कीबाईंचा संदेश आला. त्यात दाखल झालेल्या अर्जाचा खटला क्रमांक होता, दुसरे काही नव्हते. तिने फोन काचेला आतून लावून धरला. डेल्मरने वाकून तो सावकाश वाचला, आपल्या ऑफिसला फोन केला आणि पाठ वळवून बराच वेळ बोलत राहिला. तो हसला, तेव्हा तिला वाटले की संपले.

"चला, सुटलात," तो वळून म्हणाला. "आता मात्र हप्ते भरा मॅडम. कोर्टाने ठरवलेले चुकले, तर मला परत पाठवतात."

ट्रक गेला. व्हर्लीनने दार उघडले नाही. गल्लीचे तोंड रिकामे दिसत असूनही तिची बोटे कुलपाच्या बटणावर तशीच दाबलेली होती.

घराचे दार उघडून कोरीन आली. तिच्या पायात सपाता होत्या आणि खांद्यावर गोधडी.

"अगं आई, कधीपासून बसलीयेस? कोण होता तो?"

व्हर्लीनने काच चार बोटे खाली केली.

"खोलीचे कागद माझ्या नावाने देऊ नकोस," ती म्हणाली. "माझी सही आता चालणार नाही. बरीच वर्षं."

कोरीन बर्फात उभीच राहिली. रस्त्यावरचे चाकांचे ताजे ठसे तिने पाहिले, मग आईचा चेहरा. तिने दाराची कडी ओढली.

"आधी उघड तरी."

"मिस्टर पेल्कींच्या इन्सुलिनला उशीर होईल," व्हर्लीन म्हणाली, आणि तरीही तिला बटणावरून बोट उचलता येईना.