ट्रेलरवाली आणि खिडकीवाली

पनवेलला भगवानशेठच्या ऑफिसात तीन प्रकारची माणसं यायची: फ्लॅट घेणारी, फ्लॅट घेतल्याचा पश्चात्ताप झालेली आणि वर्गणी मागणारी. त्या सोमवारी चौथ्या प्रकारचा माणूस आला. तो कादंबऱ्या घेऊन आला.

झालं असं होतं, की भगवानशेठनी आई चंद्रावतीच्या नावाने बक्षीस ठेवलं होतं. बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या मागवायच्या आणि सगळ्यांत चांगली असेल ती शेठच्या खर्चाने छापायची. चंद्रावती हयात होती. बॅनरवर चुकून 'स्मरणार्थ' छापलं गेलं, तेव्हा तिने तो बॅनर स्वतःच्या हाताने उतरवला होता. परीक्षक होते निवृत्त प्राध्यापक विश्वजीतसर. वशिला नको म्हणून लिहिणाऱ्यांची नावं बंद पाकिटात ठेवली होती.

सरांनी दोन बाडं टेबलावर ठेवली. "शेठ, फसवणूक आहे. ही ट्रेलरवाली कादंबरी सगळ्यांत चांगली आहे. म्हणून बाद."

"चांगली हाय तर बाद कशी?"

"पुरुषाने लिहिलीय. घाट, ब्रेक, टायर, कळंबोलीच्या ड्रायव्हरांच्या शिव्या. अख्ख्या कादंबरीत कुणी एकदाही खिडकीतून उदास बघत नाही. बाई लिहिणार आणि कुणी खिडकीतून बघणार नाही? ही दुसरी घ्या. हिची नायिका अर्ध्या पुस्तकापर्यंत खिडकीतच उभी आहे. अस्सल बाईचं लिखाण. मला वासाने कळतं."

वाळूत माती किती हे शेठ मुठीत धरून सांगायचे. सरांना वाक्यांचं तसंच कळत असणार, असं त्यांनी मानलं. तरी ट्रेलरवालीचं पाकीट फोडलं. नाव निघालं सुरैय्या.

"नवऱ्याने लिहिलीय," सर म्हणाले. "बोलवा दोघांना."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरैय्या आणि तिचा नवरा वहाब आले. चंद्रावतीही तिथेच होती. एकटीसाठी घरचा एसी लावणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून दुपारची ती ऑफिसच्या सोफ्यावर आडवी होई. गिऱ्हाइकांना ती सजावटीचा भाग वाटे.

सरांनी थेट वहाबला विचारलं, "खरं सांगा, तुम्हीच लिहिलीत ना?"

"मी मिक्सर दुरुस्त करतो सर. मी वाचायला घेतली होती, पण दुसऱ्या प्रकरणात मी मरतो. पुढे वाचवेना."

"तुम्ही नाही ओ मरत," सुरैय्या म्हणाली. "ड्रायव्हरचा मेहुणा मरतो."

"मिक्सर दुरुस्त करणारा मेहुणा," वहाब म्हणाला.

सर तिच्याकडे वळले. "ताई, तुम्ही कधी ट्रेलर चालवलाय?"

"स्कूटीसुद्धा नाही."

"मग हा घाट कुठून आला?"

"माझा भाऊ मोहसीन जासईहून ट्रेलरवर कंटेनर घेऊन पुण्याकडे जायचा. घाटात डुलकी येते म्हणून कानात वायर घालून मला फोन लावायचा. म्हणायचा, आपा, कायतरी सांग. मी रोज थोडी गोष्ट रचून सांगायची. गोष्टीत मी गियर चुकवला की शिव्या द्यायचा, मग मी दुरुस्त करायची. पण गोष्ट कंटाळवाणी झाली, की तो गप्प व्हायचा." ती थांबली. "सर, तो गप्प झाला की मला वाटायचं, लागला याचा डोळा. मला गोष्ट कंटाळवाणी करणं परवडणारच नव्हतं."



"ते ठीक आहे," सर जरा नरमले, "पण एखादं बायकी प्रकरण तरी घाला. माहेरच्या आठवणी वगैरे. म्हणजे मला शिफारस करता येईल."

"मिशावाला ड्रायव्हर माहेरी कुठं जाणार, सर?"

तिने बाड ओढून पिशवीत घातलं. "राहू द्या. तीन ठिकाणांहून अशीच परत आलीय. वीज बिलाच्या खणात जागा आहे तिला."

शेठ चुळबुळले. त्यांनी 'थांबा' म्हटलं असतं तर ती थांबली असती. पण सर शिकलेले, शाल देऊन आणलेले. शेठनी नुसतंच पेन उघडलं आणि मिटलं.

"भगवान," सोफा बोलला. चंद्रावती उठून बसली होती. "ल्हानपनी तुला वाघाची गोष्ट सांगायची, आठवतं काय?"

"आठवतं आये. पार भिजायचं अंथरून."

"तवा तू इचारलंस काय, आये, तू वाघ हायस काय?"

भगवानशेठचं पेन खाली पडलं.

आई मिठागरात राबून यायची. तिने उभ्या जन्मात वाघ पाहिला नव्हता. तरी तो वाघ भिंतीला अंग घासायचा, आणि भगवानला त्याच्या केसांचा वास यायचा. बक्षीस आपण त्या वाघासाठी ठेवलं होतं, आणि आता त्याच वाघाला दाराबाहेर काढत होतो!

"सुरैय्याताई, पिशवी ठेवा," शेठ म्हणाले. "ही छापायची. आता त्या खिडकीवालीला कळवायला हवं."

दुसरं पाकीट फोडलं. नाव होतं भाविका, राहणार तळोजा. शेठनी फोन स्पीकरवर टाकला.

"अय्या, ती कादंबरी होय," पलीकडून आवाज आला. "ती आमच्या प्रणितने लिहिलीय. बक्षीस बायकांचं म्हणून माझं नाव टाकलं. कंपनीतून आला की खिडकीत जाऊन उभा राहतो. फार हळवा आहे हो तो. त्याला सांगू नका, रडेल."

विश्वजीतसरांनी आपलं नाक चोळलं. बराच वेळ चोळलं.

"ब्रेक निकामी होतो त्या पानावर," ते शेवटी म्हणाले, "मी दूध गॅसवर विसरलो. पातेलं जळालं. तेव्हा लिहिणारा कोण, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. ते सगळं वाचून झाल्यावर सुचलं. ताई, माझं चुकलं. प्रस्तावना लिहू द्याल?"

"लिहा," सुरैय्या म्हणाली. "पण कंटाळवाणी नको."

तर वाचकहो, बायका वेगळं लिहितात का आणि पुरुष वेगळं लिहितात का? प्रत्येक माणूसच वेगळं लिहितो. कुणाच्या गोष्टीत ट्रेलर येतो, कुणाच्या खिडकी. कुठल्या दारातून काय यावं हे दारावरची पाटी वाचून ठरवू नये. आधी पुस्तक वाचावं. त्यात आपलं एखादं पातेलं जळालं, तर लिहिणाऱ्या हाताला नमस्कार करावा. त्या हातात बांगडी आहे की घड्याळ, हे नंतर बघितलं तरी चालतं.

चंद्रावतीला मात्र हे सगळं ऐकायला वेळ नव्हता. तिने सुरैय्याला सोफ्यावर जागा करून दिली होती.

"बस गो बाय," ती म्हणाली. "मेहुना मेला. मंग पुढं?"