चिपोरची सोबतीण

जाळीच्या तारेत एक पांढरं पीस अडकलं होतं आणि त्याला लागूनच एक करडं – म्हणजे कालही दोघी कोंबड्या तारेच्या दोन बाजूंनी अंगाला अंग लावून झोपल्या होत्या... तुर्दीकुलनं दोन्ही पिसं उपटून खिशात कोंबली, कुणी बघू नये म्हणून. आणि बघायला अंगणात कुणीच नाही, हे नंतर त्याच्या लक्षात आलं.

करडी ती चिपोर, त्याची. पांढरी लेकीनं, ओयदिननं, मर्गिलानच्या बाजारातून आणलेली. चिपोरची जोडीदारीण हिवाळ्यात मेली तेव्हा ओयदिन म्हणाली होती, एकटी कोंबडी झुरते बाबा. आठवडाभर मध्ये जाळी ठेवा, एकमेकींना बघू देत, मग काढून टाका. त्याला आता महिना होत आला होता. पण चिपोर झुरत होती कुठे? बायको, सनोबर, गेल्यापासून या घरात त्याच्या पावलांच्या आवाजानं मान वर करणारी तीच तर एक होती. तो द्राक्षवेलीखाली चहाला बसला की ती शेजारी येऊन बसायची, नानचे तुकडे टिपायची, आणि तो तिला सगळं सांगायचा – गुडघ्याचं, जर्दाळूला लागलेल्या किडीचं, स्वप्नात आलेल्या सनोबरचं... दुसरी मिळाल्यावर ती माझ्याजवळ कशाला येईल? जाळी काढायची म्हणजे मीच माझ्या हातानं एकटं व्हायचं.

दुपारी ओयदिन आली. पिशवी हातात तशीच.

"अजून जाळी?"

"टोचते ती त्या पांढरीला. डोळाबिळा फोडायची."

"कोण, चिपोर? पाठीवर माशी बसली तरी उडवत नाही ती!" ती खळखळून हसली आणि मग अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "बाबा, आठवडाभर राहीन म्हणते. आईच्या खोलीत."

"हं," तो म्हणाला. त्याची नजर कोंबड्यांवर होती – आता ही आठवडाभर राहणार, म्हणजे उद्याच जाळी काढणार – आणि हात किटलीवर. तो ओतत राहिला.

मग त्यानं खाली पाहिलं. तिच्यापुढची चहाची पियाली काठोकाठ भरली होती. आपल्या माणसाला कुणी अशी भरून देतं का? आपल्या माणसाला अर्धी द्यायची, पुन्हा द्यायची, बसवून ठेवायचं. काठोकाठ भरतात ती नकोशा पाहुण्याला – पी आणि ऊठ. सनोबरनं उभ्या आयुष्यात दारावरच्या फेरीवाल्यालासुद्धा अशी दिली नव्हती.

"चुकून झालं गं," एवढंच म्हणायचं होतं. पण त्यानं किटली तेवढी खाली ठेवली.

ओयदिननं चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. पियाली खाली ठेवली.

"निघते मी. तीनची गाडी मिळेल. गोळ्या वेळेवर घ्या."

फाटक लागलं. तो उठला आणि जाळीच्या तारा सोडवायला लागला – कुणावर राग काढावा तसा, बोटं ओरबाडून घेत. जाळी पडली. चिपोरनं मान वाकडी करून पाहिलं, आणि दोघी तुतीखाली जाऊन माती उकरायला लागल्या, जणू जन्मापासूनच्या सोबतिणी. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

झालं. महिनाभर ज्याला भ्यालो ते हेच. दुखलं, नाही असं नाही; पण वाटलं होतं तेवढं नाही... दुखत होतं ते दुसरीकडेच. कोंबडी दुरावेल म्हणून मी महिनाभर जीव मुठीत धरून होतो. पोर दुरावेल, असं कधी मनातही आलं नाही – ती येतेच, असं मी धरून चाललो होतो.