लोलकाने नापास केलेली तार

भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी एवढी गर्दी जमली होती, की वार्षिक सभेचा कोरम त्यातून चौदा वेळा भरला असता. प्रत्येकाच्या हातात एकेक विजेची वस्तू. कुणी इस्त्री आणलेली, कुणी राउटर. एका गृहस्थांनी तर भिंतीवरचा गीझर उतरवून खांद्यावरून आणला होता.

पुढे गादीवर ऊर्जाचार्य विद्युतानंद बसले होते. पूर्वाश्रमी ते जितेंद्र या नावाने पाण्याचे फिल्टर विकत. पण तो आपला अज्ञानाचा काळ होता, असं ते स्वतःच मोठ्या मनाने सांगत. त्यांच्या बोटांतून रेशमी दोऱ्याला एक काळसर लोलक लोंबत होता. वस्तूवर धरल्यावर लोलक ओढ घेऊन नाचला, तर वस्तू शुद्ध. निपचित राहिला, तर दोष.

“अहाहा!” हंसाबेनच्या मिक्सरवर लोलकाने झेप घेतली तसे स्वामी डोळे मिटून म्हणाले. “यात प्राण आहे. ये मिक्सर नहीं, साक्षात अन्नपूर्णा है!”

“पण स्वामीजी, एमां चटणी बरोबर वाटली जात नाय.”

“चटणी हा देह झाला, बेन. मी आत्म्याबद्दल बोलतोय.”

टाळ्या पडल्या. चटणीचा प्रश्न तिथेच मिटला.

तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी धरून धाकू पाष्टे बसला होता. भाईंदरच्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्याने अडतीस वर्षं काढली होती. अध्यात्माची त्याला आवड नव्हती आणि गीझर नव्हता. तो आला होता हॉलच्या कोपऱ्यातल्या मशीनसाठी.

ते मशीन त्याच्या मुलाने, नीलेशने, सून मनालीच्या मदतीने घरी बनवलं होतं. लेझर कटर. काचेच्या लांब नळीतून डोळ्यांना न दिसणारा किरण निघतो आणि लाकडाची फळी लोण्यासारखी कापतो. त्यासाठी नळीला पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात. ते पुरवणारा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. नीलेशने नोकरी सोडून हे उभं केलं, आणि दोन महिन्यांत दोन सप्लाय जाळले.

“नळी साठ वॉटची आणि सप्लाय चाळीसचा. जळणारच ना?” मनाली म्हणाली होती.

या स्पष्टीकरणात एकच खोट होती. त्यात चूक नीलेशची निघत होती. स्वामींनी सांगितलं, की वरच्या मजल्यावरून नकारात्मक ऊर्जा उतरतेय. नीलेशला हे जास्त शास्त्रीय वाटलं.

मग बुधवारी स्वामी घरी आले आणि एकेका पार्टवर लोलक धरून बसले. मनालीने पारखून आणलेला, बरोबर साठ वॉटचा, ॲल्युमिनियमच्या डब्यातला सप्लाय? लोलक निपचित. स्वामींच्या आश्रमातून आलेला, जाड पत्र्याच्या डब्यातला, ज्यावर वॉटच छापलेले नव्हते? लोलक नाचला. काचेचा फ्यूज नापास. अडचणीत सगळं बंद करायचं लाल बटण प्लास्टिकचं, तेही नापास. ‘मनात शंका ठेवणारं बटण’ म्हणून काढायचं ठरलं. शेवटी अर्थिंगची तांब्याची तार. लोलक मेल्यासारखा.

“काढ ती!” स्वामी ओरडले. “या तारेतून घरची लक्ष्मी सरळ जमिनीत जातेय!”

“अहो, एवढ्या व्होल्टेजला अर्थिंग नको?” मनाली म्हणाली.

“बेटा, तू शिकलेली आहेस. त्याला इलाज नाही.”

आज मशीन सुरू करायचा मुहूर्त होता. मशीन हॉलमध्ये आणून नीलेशने सकाळीच तार सोडवली होती. विधी असा, की गृहलक्ष्मीने अनवाणी उभं राहून मशीनच्या लोखंडी अंगावर उजवा तळहात ठेवायचा आणि नीलेशने चालू करायचं बटण दाबायचं. मनालीने नाही म्हणून पाहिलं होतं. आता मात्र सगळी सोसायटी तिच्याकडे बघत होती आणि तिने चपला काढल्या होत्या.

धाकूला कारखान्यातला राघो आठवला. पॉलिशच्या मशीनची अर्थिंग तुटलेली होती आणि राघोने मशीनच्या अंगावर हात ठेवला होता. एवढंच. बायकोला कळवायला धाकूच गेला होता.

तो उठला.

“स्वामी, मुहूर्ताआधी एक शंका. घरातल्या दोन वस्तू आणल्यात. कुठली ठेवू, कुठली टाकू?”

“बाबा, आत्ता नको ना,” नीलेश कुजबुजला.

“का रे? हंसाबेनच्या मिक्सरला आत्मा, आणि माझ्या पिशवीला नाही?”

लोक हसले. गर्दी हसत असली की स्वामीही उदार होत. धाकूने टेबलावर दोन वस्तू ठेवल्या, रुमालांनी झाकलेल्या. लोलक पहिलीवर गेला आणि असा झेपावला, की दोरा ताठ झाला.

“वा! लक्ष्मीचा वास! ही वस्तू देवघरात ठेवा.”

दुसरीवर लोलक ढिम्म. स्वामींचा चेहरा काळवंडला. “दोष! महादोष! आजच्या आज घराबाहेर काढा.”

धाकूने पहिला रुमाल उचलला. खाली मोरीची गंजलेली लोखंडी जाळी होती. तिला अजून केस अडकलेले होते.

दुसरा रुमाल उचलला. खाली पितळेचा गणपती.

पुढच्या रांगेतल्या दोघांनी नकळत हात जोडले.

“याला बाहेर काढू म्हणता? आमच्या आजोबांनी गावाहून आणलाय.”

“ही... ही परीक्षा देवाची घेतलीस तू!”

“देवाची नाही, तुमच्या दोऱ्याची.” धाकूने खिशातली लोखंडी चावी लोलकाजवळ नेली. लोलक टक्कन चावीला चिकटला आणि सुटेना. “चुंबक आहे. आमच्या कारखान्यात पत्रा आला की आधी चुंबक लावायचो. धरला की हलका माल, चांगल्या स्टीलला तो धरत नाही. बुधवारी तुमच्या चहाच्या वेळी बघितलं मी. माझ्या चांगल्या स्टीलच्या तांब्यावर हा झोपलेला, आणि निवडणुकीत फुकट मिळालेल्या ताटावर उड्या मारत होता. तांबं, पितळ, काच, प्लास्टिक, ॲल्युमिनियम. यातल्या कशालाच चुंबक धरत नाही. जीव वाचवणारा एकेक पार्ट नेमका त्याचाच बनलेला. म्हणून सगळे नापास!”

“आणि माझा मिक्सर?” हंसाबेन.

“त्यात मोटर आहे. मोटरमध्ये लोखंड आहे. चटणीसाठी पातं बदला.”

स्वामी ऊर्जेच्या पातळ्यांबद्दल बरंच बोलले, पण चावी चिकटलेला लोलक हातात धरून गंभीर बोलणं कठीण असतं. गीझरवाले गृहस्थ मात्र जवळ येऊन हळूच म्हणाले, “माझा बघून झाल्यावर हे केलं असतं तर चाललं नसतं का?”

नीलेश खाली मान घालून उभा होता. धाकू त्याच्याजवळ गेला. “चूक वॉटची होती ना रे? कबूल करायला एक मिनिट लागलं असतं. ते वाचवायला तू हिचा हात तिथे ठेवणार होतास.”

नीलेशने पत्र्याचा डबा काढला आणि मनालीने सोबत आणलेला तिचा सप्लाय जोडला. फ्यूज बसवला, लाल बटण बसवलं. तांब्याची तार मात्र त्याने दोनदा आवळली.

“झालं ना? दाब बटण!” मागून कुणीतरी ओरडलं.

“थांब,” धाकू म्हणाला. मग गर्दीकडे वळला. “नवस बोलायचा तर देवळात बोला, कोण अडवतंय? पण तारेत वीज आहे की नाही, हे श्रद्धेने कळत नाही. कुणी काही सांगितलं, की कशावरून, ते विचारा. स्वामींना विचारा, पोराला विचारा, मलाही विचारा. मी सांगितलं म्हणूनसुद्धा हात लावू नका.”

मनालीने मीटर आणलं. एक टोक मशीनच्या अंगाला लावलं, दुसरं अर्थिंगच्या पिनेला. मीटर बारीक आवाजात वाजलं, म्हणजे तार जोडलेली होती. तिने सांधा हलवून बघितला आणि पुन्हा लावलं. पुन्हा वाजलं.

तेव्हा कुठे तिने चपला घातल्या, डोळ्यांवर लेझरपासून वाचवणारा चष्मा चढवला, आणि नीलेशला बाजूला करून बटण स्वतः दाबलं.