चुन्याखालची ओळ

भीमजयंती आठ दिवसांवर आली की आमच्या घराला चुना लागतो, आणि तो मीच लावते. सुनांनी लावला तर भिंतीला नायटा झाल्यासारखा दिसतो.

यंदा मधल्या खोलीतली एक भिंत तेवढी सोडायची होती. तिच्यावर माझ्या नातीनं, अर्पितानं, कोळशानं गणित लिहिलं होतं, वहीत अजून उतरवलं नव्हतं. पोरगी पुण्यात डॉक्टरकी करते. औषधाची नव्हे, पदार्थविज्ञानाची. चार वाजता मोबाईलवर तिच्या सरांना ती भिंत दाखवायची होती. त्यांनी हो म्हटलं तरच तिचा प्रबंध पुढे जाणार होता.

शेजारची भिंत मारताना माझा कुंचला निसटला. अख्खी एक ओळ भिजली.

ओला चुना आरपार दिसतो, वाळला की पांढरा होतो. चैतातलं ऊन; ओळ माझ्या डोळ्यांदेखत विझायला लागली. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण आकार कळतात. एक फुली होती, एक शेपटीवालं अधिक. चुलीतला कोळसा घेऊन येईस्तोवर सगळं पांढरं. फुली आधी की अधिक, याची खात्री नव्हती; आठवलं तसं लिहून काढलं आणि गप्प बसले.

जेवताना सहज विचारल्यासारखं केलं, "कावं, थ्या फुलीत नि अधिकात एवढं काय हाये?"

"आजी, फुली म्हंजे जागा, अधिक म्हंजे वेळ. अणूच्याही लय आत गेलं की या दोघायचा गुणाकार उलटा चालत नाही, असं धरलं मी. मंग तिथं कण एकमेकाले धडकले तर कसे उडतीन, थे काढून राह्यली."

"दोघं मागंपुढं झाले त काय आभाय पडते?"

"आभायच पडते! जागा पयले घेतली त एक उत्तर, वेळ पयले घेतला त दुसरं. माहं सारं काम त्या फरकावरच उभं हाये."

या घरात 'माझं चुकलं' असं मी कधी कोणाला म्हटलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

पावणेचारला ती मोबाईल घेऊन भिंतीपुढे उभी राहिली.

"अर्पिते, मधातली ओळ तुही नोहे. माही हाये."

"काय मस्करी करतं, आजी!"

"मस्करी कराले मी तुही वर्गमैत्रीण हावो काय? चुना उडाला. मी लिवली."

तिचा चेहरा उतरला. "पयले फुली होती का अधिक?"

"मले नाही आठवत, माय."

तेवढ्यात मोबाईल वाजला. सर वेळेआधीच आले होते. ती भिंतीकडेच बघत राहिली. मी मोबाईल ओढून घेतला. तो धरायचा कसा ते ठाऊक नाही; सरांना माझं कपाळच दिसलं असेल.

"सर, पोरीले बोलू नका. भिंतीवरची ओळ म्या बिघडवली. अर्धा घंटा द्या तिले."

"आपण कोण?"

"जिची चूक हाये, थे."

सर म्हणाले, "अर्धा तास. त्यानंतर मला वेळ नाही."

अर्पितानं कोळसा उचलला आणि ती ओळ नव्यानं काढायची म्हणून पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडायला बसली. मी दाराशीच थांबले. तिच्या तोंडाकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.