वाढप्यांची टीम

...निळं होतं ते बोट. मुळापासून नखापर्यंत निळंशार, शेजारचं अर्धं, आणि मांडवाच्या खांबाला टेकून नासिर ते असं उभं धरून होता की कुणाला तरी जरा थांबायला सांगतोय असं वाटावं. सहदेवच्या डाव्या हातावर जिलब्यांची परात होती, समोर वरपक्षाची पंगत होती, आणि वाढताना इकडेतिकडे बघायचं नसतं. पानाकडे बघायचं, पानावरून माणसाच्या तोंडाकडे, आणि तोंड ‘नको’ म्हणत असलं तरी डोळे काय म्हणताहेत ते बघायचं... हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तरीही नजर त्या बोटाकडे जात होती. काल संध्याकाळी वरातीची गॅसबत्ती पेटवताना नासिरचा उजवा हात भाजला. लग्नघरात हळदीला काय तोटा, पण टीमबरोबर आलेले प्रोफेसर दाबके पडले पुण्याचे, त्यातून तर्कशास्त्राचे. भाजल्यावर शाई लावावी असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं, म्हणून त्यांनी आपलं फाउंटन पेन उघडून सगळं त्या हातावर रिकामं केलं. हात बरा झाला नाही, पण कुठून कुठपर्यंत भाजलाय ते सगळ्या बडनेऱ्याला लांबून दिसू लागलं.

आणि हात काही साधासुधा नव्हता. अमरावतीच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमने या हंगामात जे काही थोडेफार गुण मिळवले होते ते जवळजवळ सगळे या हाताने. आज संध्याकाळी अकोल्याला शेवटचा सामना. आणि सकाळी विहिरीपाशी तोंड धुताना टीमचा कप्तान नासिर सहदेवला अगदी सहज म्हणाला होता,

“आज तूच टाकजो.”

“मी?”

“मंग कोन, दाबके सर? हे पाह्य, बॉल हातात आला का कोनाले देऊ नको. टाक. बस.”

कोनाले देऊ नको! सोपं असतं का ते? सहदेवने परात सावरली आणि पुढच्या पानावर दोन जिलब्या ठेवल्या — एक नव्हे, एक ठेवली तर माणूस विचारात पडतो. दोन ठेवल्या की नुसतं ‘अरे अरे’ म्हणतो आणि खातो.

टीम वाढपी कशी झाली ते सांगितलं तर नागपूरवाले विश्वास ठेवत नाहीत. प्रत्येक खेळाच्या टीमने समाजाची काही सेवा केली पाहिजे असा फतवा कॉलेजने काढला होता. दाबके सरांनी आधी आरोग्यावर व्याख्यानं ठरवली. पहिल्याला चारजण आले, त्यातले दोघे सावलीला. मग तुळशीचं लग्न लागलं, कापूस घरात आला, आणि कापूस घरात आला की वऱ्हाडात माणसांचीही लग्नं निघतात. अशाच एका लग्नात ऐन पंगतीच्या वेळी भाऊबंद रुसून उठून गेले, वाढायला कुणी उरलं नाही, आणि शेजारच्या मैदानावर खेळणारी ही पोरं धावली. द्रोण हातोहात गेले, वरणाचा थेंब सांडला नाही, पन्नास माणसांना ताक मिळालं तेव्हा पहिल्याचा भात अजून गरम होता. झालं. तेव्हापासून दर मुहूर्ताला बोलावणं. ‘वाढायला कॉलेजची टीम आहे’ हे पत्रिकेत छापायचंच काय ते बाकी होतं. वाढायला नासिरचा हात चालत नसे. त्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं, बोलायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती. पण गॅसबत्त्या त्याच्याशिवाय पेटत नसत आणि बिथरलेले बैल त्याच्याशिवाय आवरत नसत. उलट त्याच्या बहिणीच्या, जहाँआराच्या निकाहात सगळी टीम दोन दिवस राबली आणि स्वतः केळ्यांवर राहिली. तेव्हा नासिरच्या अम्मी कौतुकाने म्हणाल्या होत्या, “खिलाते हैं, खाते नहीं. फरिश्ते हैं क्या ये लडके?” आणि नासिर म्हणाला होता, “नहीं अम्मी, बास्केटबॉल की टीम है.”

फरिश्ते... मैदानावर फरिश्त्यांचं काय काम? तिथेच तर घोटाळा झाला. हातांना सवय लागली द्यायची. नागपूरच्या सामन्यात रिंगखाली पाचहीजण मोकळे उभे, चेंडू सहदेवच्या हातात, आणि सहदेव बघतोय काय, तर कुणाचं पान रिकामं आहे! त्याने चेंडू खुशालला दिला. खुशालने ‘नाही, तू घे’ म्हणून परत दिला. सहदेवने आग्रह केला. नागपूरच्या प्रेक्षकांनी आधी टाळ्या वाजवल्या — त्यांना वाटलं काही नवी चाल आहे — मग हसू लागले, मग एकजण ओरडला, “अबे, कोनी तं खा!” यवतमाळला तेच, खामगावला तेच. दाबके सर याला परस्परावलंबन म्हणत. प्रिन्सिपलसाहेब मात्र असलं काही म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की एकही सामना न जिंकणारी टीम त्यांना नको आहे, अकोल्यालाही हरलात तर सोमवारी खांब उपटून तिथे टेनिसची जाळी लागेल. म्हणजे आज जर त्याने... म्हणजे त्याने एकट्याने...

“सायदेव, इकडे पाह्य बापा,” नत्थुजी कानाशी कुजबुजले. नत्थुजी नवरीचे वडील, संत्र्याचे बागाईतदार, आणि दोन दिवसांपासून घाबरेघुबरे. “नवरदेवाचा भाऊ हात आखडून बसला. रुसला का काय?”

नवरदेवाचा धाकटा भाऊ उत्तमराव दुसऱ्या पानावर बसला होता, आणि बसूनही उभ्या माणसाच्या खांद्याला लागत होता. अकोल्याच्या टीमचा सगळ्यात उंच गडी. संध्याकाळी तोच सहदेवच्या समोर असणार होता.

“उत्तमराव, घ्या न.”

“नाई हो. संध्याकाळी मॅच हाय. तुमाले तं मालूमच हाय.”

“थे तं हायच,” सहदेव म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं की आवाज किती गोड लागतोय. “पन नवरदेवाचा भाऊ अन् जिलबी मोजून खाते, असं लोकं म्हनतीन.”

उत्तमरावने दोन घेतल्या. पंगतीतले दोघेतिघे वाकून बघू लागले, तेव्हा त्याला आणखी दोन घ्याव्या लागल्या. मग अकोल्याचे एक काका म्हणाले, आमच्या घराण्यात जिलबीला नाही म्हणत नाहीत. मग प्रश्न घराण्याचा झाला आणि मोजणं संपलं. सहदेव वाकून वाढत होता, हसत होता, तोंडाकडे बघत होता आणि तोंडावरून डोळ्यांकडे. खांबाशी नासिर बोट उभं धरून सगळं पाहत होता.

आगगाडीत वरात आणि टीम एकाच डब्यात. नवरी कोपऱ्यात रडत होती, नवरदेव तिच्याकडे बघायचं नाही म्हणून कापसाच्या शेतांकडे बघत होता, आणि उत्तमराव बाकावर आडवा पडून डोळे मिटून कण्हत होता.

“काय डाव केला लेकाने,” खुशाल म्हणाला. “अर्धी मॅच तं पंगतीतच जिंकली.”

“डाव नाई केला,” सहदेव म्हणाला. “नत्थुजीनं सांगतलं, मी वाढलं.”

सगळे हसले. दाबके सर गंभीरपणे सहदेवला म्हणाले, “गावंडे, हेतू काहीही असो, परिणाम उत्तम आहे,” आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन उत्तमरावकडे चोरून बघू लागले.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. पलीकडच्या फलाटावर छोट्या लायनीची गाडी उगाच धूर सोडत उभी होती, घाई नसलेल्या माणसासारखी; तिने गेलं की पुढे अचलपूर, अचलपूरला आई. पार्बताबाई... बाजारात बसलेली, वांग्यांची पाटी पुढ्यात, तराजूचा काटा कायम गिऱ्हाइकाकडे कललेला आणि वर कोथिंबिरीची जुडी फुकट. घरी सगळ्यांना वाढून झालं की म्हणायची, ‘मले भूकच नाई.’ आई जेवताना त्याने कधी पाहिली होती? पाहिलीच नव्हती. आणि एकदा, तो असेल सहा-सात वर्षांचा, कुणाच्या तरी लग्नात त्याने स्वतःहून तोंड उघडून दुसरी पुरणपोळी मागितली... मोठ्याने मागितली... तेव्हा बायकांच्या पंगतीतून तिने नुसतं पाहिलं. रागावली नाही, मारलं नाही. नुसतं पाहिलं. ती पोळी पानावर आली, त्यावर तूप आलं, आणि घास काही गिळेना. तेव्हापासून मी काही मागितलेलं नाही. कपडे नाही, पुस्तक नाही, चेंडू नाही. लोक म्हणतात सहदेव गुणाचा आहे. आज मात्र गुणाच्या सहदेवने... खरं सांग, पहिल्या दोन नत्थुजींसाठी. पुढच्या दोन रीत म्हणून. आणि त्यानंतरच्या? वाढताना मला ठाऊक होतं की नव्हतं, हा संध्याकाळी पळू शकणार नाही म्हणून?

ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं, आणि बरंही वाटत होतं. गाडी हलली. सहदेव खिडकीकडे तोंड करून बसला, कारण आपण मनातून इतके लबाड आहोत हे तोंडावर दिसत असणार अशी त्याची खात्री झाली होती. आणि खरी भीती तर ही, की त्याला म्हणावी तशी शरमच वाटत नव्हती.

अकोल्याचं मैदान जिनिंगच्या शेजारी. कापसाचे पुंजके वाऱ्यावर मैदानभर तरंगत होते, आणि भोवती सगळी वरात बसली होती. नवरदेवाचा भाऊ खेळणार म्हणून अकोल्याचे सोयरे जमले, आणि नवी सून घरी एकटी कशी ठेवायची म्हणून तीही पिवळ्या शालूत पुढच्याच रांगेत. एव्हाना रडायची थांबली होती, आणि भोवती सगळे अकोल्याचे असताना टाळ्या मात्र अमरावतीसाठी वाजवत होती.

खेळ सुरू झाला तसं सहदेवच्या लक्षात आलं, की एवढ्या जिलब्या वाया गेल्या. उत्तमरावला पळवत नव्हतं हे खरं. पण तो नुसता रिंगखाली उभा राहिला तरी पुरत होतं, कारण तो पुढे आला की सहदेव बाजूला होत होता. वरपक्ष! नवरदेवाच्या भावाला खांदा कसा मारायचा? एकदा तर उत्तमराव चेंडू घेऊन समोर आला आणि सहदेवच्या तोंडून चक्क “या” असं निघून गेलं. उत्तमराव आला, दोन गुण करून गेला.

“गावंडे!” रेषेबाहेरून दाबके सरांचा आवाज फाटला. “अहो, तो पाहुणा नाही. तो प्रतिपक्ष आहे.”

नासिर डाव्या हाताने खेळत होता. डाव्या हाताने फेकलेले त्याचे चेंडू कुठेही जात, एक नवरीच्या मांडीवर गेला, पण त्याने मरमर करून खेळ बरोबरीत आणला, आणि आता शेवटची शिट्टी होण्याआधी जेमतेम एका चालीपुरता वेळ उरला असताना त्याने चेंडू रिंगखाली सहदेवकडे फेकला आणि ओरडला, “देऊ नको! टाक!”

सहदेवने उजवीकडे पाहिलं. खुशाल मोकळा होता. हात त्याच्याकडे निघालेच... आणि तेवढ्यात मागून आलेला उत्तमराव, ज्याला थांबायचं होतं पण सकाळच्या पंगतीने थांबू दिलं नाही, सगळ्या वजनानिशी त्याच्या अंगावर कोसळला. शिट्टी. फाउल. एक फ्री थ्रो, आणि तो टाकला की खेळ संपणार.

सहदेव कपडे झटकत उठला आणि चेंडू घेऊन सरळ नासिरकडे गेला. “घे.”

“काहून? धक्का तुले लागला न.”

“खुशाल, तू घे.”

“ज्याला लागलं त्यानेच टाकायचं,” पंच कंटाळून म्हणाले. “दुसऱ्याला देता येत नाही.”

दुसऱ्याला देता येत नाही. असा नियम आहे हे त्याला माहीत होतं, वाचलेलं होतं. पण असं काही जगात असतं हे आज पहिल्यांदा कळलं. तो रेषेवर उभा राहिला. आजूबाजूला कुणी नाही. समोर रिंग, पाठीमागे सोमवार आणि टेनिसची जाळी, आणि ती नजर... ती येणारच होती, बायकांच्या पंगतीतून, इतकी वर्षं ती न चुकता आली होती. त्याने वाट पाहिली.

उत्तमराव अजून जमिनीवरच बसलेला होता, पोट धरून. तिथूनच तो म्हणाला, आणि त्यात चेष्टेचा लवलेश नव्हता, तो पंगतीत म्हणतात तसंच म्हणाला,

“घ्या न, सायदेवराव. लाजता काहून? एकच तं हाय.”

आजवर त्याला कुणी आग्रह केला नव्हता. कुणाला कधी सुचलंच नव्हतं. सहदेवला एकदम हसू येऊ लागलं, इतकं की ओठ आवळून धरावे लागले. आणि ती नजर आली नाही. आणि त्याला हवं होतं. कॉलेजसाठी नव्हे, खांबांसाठी नव्हे, नासिरच्या भाजलेल्या हातासाठीही नव्हे. मला पाहिजे, तो मनात म्हणाला. कुणी ऐकलं की काय म्हणून कान तापले. कुणी ऐकलं नव्हतं. म्हणून पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. मला पाहिजे. माझ्यासाठी.

“टाका,” पंच म्हणाले.

“थांबा,” सहदेव म्हणाला.

सगळं मैदान थांबलं. अकोल्याचे सोयरे, प्रोफेसर, नवरी, सगळे त्याच्या हाताकडे डोळे लावून ताटकळले होते. जन्मात त्याने कुणाला असं ताटकळत ठेवलं नव्हतं. त्याने चेंडू दोन्ही हातांत फिरवून पाहिला, छातीशी आणला, आणि तसाच उभा राहिला. टाकायचा तर होताच. पण त्याला अजून तो सोडवत नव्हता.