तळी कोणी खोदली

वैभववाडीच्या सभागृहात त्या दिवशी घाटमाथ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानावर दोन व्याख्यानं होती. आधी देवगडचे निवृत्त प्राध्यापक नुरुद्दीन बेडकांवर बोलणार होते, मग गौरजा इतिहासावर. गौरजा कॉलेजात इतिहास शिकवायची. उद्यान झालं तेव्हा डोंगरावरून उठवून खाली वसवलेल्या शेवरखोल गावातल्या माणसांना भेटून तिने माहिती जमवली होती. त्यांच्यातली म्हातारी माई आणि आणखी काहीजण आज मुद्दाम ऐकायला आले होते.

सुरुवातीलाच आयोजक परशुराम तिला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ते गावाचं प्रकरण गाळा. घाटवाटा सांगा, गड सांगा. पर्यटन खात्याचे पाहुणे आलेत."

"ती माणसं समोर बसलीत."

"म्हणूनच सांगतोय. उगाच रडारड नको."

तो शब्द गौरजाला झोंबला. ती जागेवर जाऊन बसली.

नुरुद्दीनसरांचं भाषण रंगलं. भर उन्हाळ्यातही न आटणाऱ्या एका तळीतला दुर्मीळ बेडूक पडद्यावर आला, तेव्हा टाळ्या पडल्या. मग परशुरामांनी माइक घेतला. "असं हे जंगल, जिथं माणसाचा पाय कधी लागला नाही. आता बोलतील गौरजा मॅडम."

माई उठली आणि दाराकडे निघाली.

"माई, बसा ना," गौरजा म्हणाली.

"कशाक? ते म्हणतत, आमी थंय नव्हतंवच."

गौरजा माइकपाशी गेली. "सर, तो बेडूक सापडतो ती तळी कोणी खोदली?"

नुरुद्दीनसरांनी परशुरामांकडे पाहिलं. तळी बघायला सर गौरजासोबतच गेले होते. "शेवरखोलच्या लोकांनी," ते हळू आवाजात म्हणाले. "दगडी बांध त्यांनीच रचलेला आहे."

परशुरामांनी खूण केली आणि माइक बंद झाला. वर्गात बोलून गौरजाचा आवाज तयार झालेला होता. देवळाचा चौथरा, भातखाचरं, गाव सोडायला लावलं तो दिवस, सगळं तिने तशीच उभी राहून सांगितलं. पाहुणे मध्येच उठून गेले. माई मात्र दारातून परत फिरली.

"दर वर्सा आमी तळयेचो गाळ काढीत होतंव," ती लोकांकडे वळून म्हणाली. "म्हणान ते बेडूक जगले. आता थंय जावक आमकां परवानगी लागता, आणि पर्यटक गाडयेत बसान जातत. माका दया नको. माझ्या गावाचा नाव घेवा."

गौरजाने शेवरखोलचं नाव पुन्हा घेतलं आणि भाषण संपवलं.

बाहेर आल्यावर नुरुद्दीनसर म्हणाले, "मी आधीच सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं," गौरजा म्हणाली. त्यांना बरं वाटावं म्हणून आणखी काही बोलावं, असं तिला वाटलं नाही.

पुढच्या व्याख्यानांतून तिचं नाव काढल्याचा परशुरामांचा निरोप संध्याकाळीच आला. तिने फोन लावून तो संतापाने माईला सांगितला.

"मगे आमच्या वाडयेत ये गो," माई म्हणाली. "थंय माइक नाय, पण बंद करणारोय कोण नाय."