पुठ्ठ्याचं तारू

तारू केलं होतं तेलाच्या पिशव्यांच्या रिकाम्या खोक्याचं. कामरगावात कुठल्याही किराणा दुकानात मागितला की असा खोका मिळतो. छपराला पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या. दाराला सुतळीची बिजागरी. मोठ्या पुरातून वाचवायला नोहानं प्रत्येक प्राण्याची जोडी तारवात घेतली, ही गोष्ट मुलांना पाठ होती. आता प्राणी तेवढे करायचे होते.

ज्योत्स्नाबाई शाळेत विज्ञान शिकवत आणि रविवारी उपासना झाली की प्रार्थनाघराच्या ओसरीवर मुलांचा वर्ग घेत. बायबलमधली एक गोष्ट सांगायची आणि घरात, वावरात जे सापडेल त्यातून त्या गोष्टीतली एखादी वस्तू करायची, असा त्यांचा शिरस्ता. दावीदाची गोफण सुतळीची झाली होती, योसेफाचा अंगरखा शिंप्याकडच्या चिंध्यांचा.

यंदा मात्र वाशीमहून विमलबाईंचा फोन आला. जिल्ह्यातल्या अशा वर्गांचं काम त्यांच्याकडं असे. सगळीकडं एकसारखे तयार संच पाठवायचं त्यांच्या मनात होतं. रंगीत फोमचे कापलेले तुकडे, पाठीला गोंद लावलेला.

"चिकटवलं की झालं. मुलांचे हात भरत नाहीत आणि तुमचाही व्याप वाचतो," विमलबाई म्हणाल्या.

"मग मुलांनी करायचं काय?"

"चिकटवायचं!"

ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "वाशीमला सगळ्या वर्गांचा मेळावा आहे ना, तिथं आमचं तारू एकदा बघा. मग ठरवा."

"बघते. पण नीट दिसलं पाहिजे हं. मागच्या वेळी तुमच्या उंटाला मान नव्हती."

ते खरं होतं. काळी माती वाळताना आकसते आणि तडकते. उंटाची मान गेली ती त्यामुळं. म्हणून ज्योत्स्नाबाईंनी या वेळी आधी मातीचे गोळे करून पाहिले: एकात नुसती राख, एकात पिंजलेला कापूस, एकात दोन्ही. सावलीत वाळवले. दोन्ही घातलेला गोळा तडकला नाही.

पोळा नुकताच होऊन गेलेला. त्यामुळं पहिल्या दिवशी सगळ्यांनी बैलच केले.

"अरे, नोहाच्या घरी शेती होती काय?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"अन् नसनं काय?" पवन म्हणाला. तो प्रार्थनाघराच्या पाळकांचा मुलगा, वर्गात सगळ्यात मोठा. "पूर उतरल्यावर पेरलं कायनं त्यानं?"

ज्योत्स्नाबाईंनी ते मान्य केलं. बैलाची एक जोडी ठेवली, बाकीच्यांची वशिंडं काढून म्हशी केल्या. राखीनं सायाळ केला. त्याच्या अंगावर खराट्याच्या काड्यांचे तुकडे खोचले आणि एक मोडली म्हणून पुन्हा सगळ्या खोचल्या. राखी प्रार्थनाघराच्या शेजारची. तिच्या घरी गणपती बसे, महालक्ष्म्या बसत. पण गोष्ट आणि माती या दोन्हींची तिला ओढ होती, आणि प्रार्थनाघराची किल्ली तिच्या आजीकडं, तुळसाबाईकडं असे. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि जा म्हणायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

गणपती गेले त्यानंतरच्या रविवारी उपासनेला आलेल्यांना तारू दाखवलं. गेरू, हळद आणि चुन्यानं रंगवलेले प्राणी दारापासून रांगेत उभे होते. लोकांनी कौतुक केलं, मुलांना चिवडा मिळाला. जाताना ज्योत्स्नाबाई राखीला म्हणाल्या, "आवरून ठेवशील ना गं?"

"हो मॅडम."

पुढच्या शनिवारी दुपारी ज्योत्स्नाबाईंनी प्रार्थनाघरातलं कपाट उघडलं. दुसऱ्या दिवशी मेळावा होता. तारू जागेवर होतं, छप्पर शाबूत, दार लावलेलं. पवननं दार उघडून आत हात घातला.

"मॅडम, रिकामं हाये."

"नीट बघ."

"काय पाहू? एक म्हैस नाई."

राखी ओसरीच्या कडेला बसली होती. तिनं सहज सांगितलं, "मी शिरवले ना."

"काय?"

"नाल्यात शिरवले. रविवारीच. टोपल्यात नेले, फुलं वाह्यली, अन् एकेक सोडला. फेकले नाई." सगळे आपल्याकडं बघताहेत हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिचा आवाज बारीक झाला. "लोकाईनं पाह्यलं, खाऊ वाटला. दिवस झाला ना त्याईचा. मातीचं मंग तसंच ठेवत नाई."

"कोन सांगतलं तुले?" पवन ओरडला.

"मॅडमनं सांगतलं शाळेत. मातीचं पाण्यात इरघळते, पाणी खराब होत नाई. खोका, थर्माकोल टाकू नोका म्हने. म्हनून तारू ठेवलं."

हे ज्योत्स्नाबाईंनी शब्दशः सांगितलं होतं. गणपतीच्या आधी, सहावीच्या वर्गात, फळ्यावर आकृती काढून. राखी पहिल्या बाकावर होती.

"नोहानं वाचवले अन् इनं बुडवले!" पवन म्हणाला. दोघं-तिघं हसली. राखी हसली नाही. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि घराकडं निघाली.

"राखी, बस," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तू चुकली नाहीस. ठेवायचे होते, हे मी सांगायला हवं होतं."

राखी बसली, पण पाठ करून.

"आता करू ना मंग दुसरे," एक जण म्हणाला.

"उद्यापर्यंत वाळणार नाहीत. ओले नेले तर जीपमध्येच मोडतील." ज्योत्स्नाबाई रिकाम्या खोक्यात बघत होत्या. न्यायचं काय, हे त्यांना सुचत नव्हतं. नुसतं तारू नेलं तर विमलबाई संच देतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

त्यांनी तारवाचं दार लावलं आणि पुन्हा उघडलं. मग ज्योत्स्नाबाईंनी नेहमीच्या आवाजात, गोष्ट सांगतानाच्या, विचारलं, "पूर उतरल्यावर तारवात काय राहिलं?"

"कायी नाई," पवन म्हणाला. "सगळे बाहीर गेले."

"मग बाहेर काय दिसलं असेल?"

"चिखल."

"आणि चिखलात?"

उत्तर पाठमोऱ्या राखीनं दिलं. "पावलं."

उरलेला गेरू भिजवला. दुसऱ्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून तारवाच्या दारापुढं अंथरला. भेंडी कापून तिचा ठसा उमटवला, तो कुठल्याच प्राण्याचा वाटेना. पवननं दोन अंगठे जोडून म्हशीचा खूर काढला. राखी उठून आली. तिनं मूठ मिटली, मुठीची कड गेरूत बुडवून पुठ्ठ्यावर टेकवली आणि वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले.

"हे नोहाचं. माही आजी महालक्ष्म्याईची पावलं अशीच काढते."

"त्या त घरात येतेत," पवन म्हणाला.

"मंग? हे बाहीर जाऊन राह्यले."

संध्याकाळपर्यंत पुठ्ठा भरला आणि वाळलाही. कोंबडीची पावलं काडीनं, सापाची रेघ सुतळीनं. सायाळाच्या पावलांमागं राखीनं बारीक रेघा ओढल्या, काटे जमिनीला घासतात म्हणून.

मेळाव्यात इतर टेबलांवर चकचकीत वस्तू होत्या. विमलबाई तारवापुढं आल्या, वाकून उघड्या दारातून आत बघितलं.

"प्राणी कुठं आहेत?"

ज्योत्स्नाबाई बोलणार होत्या, पण राखी आधी बोलली.

"गेले. पाणी उतरलं ना."

विमलबाईंनी पुठ्ठ्यावरची पावलं टोकापर्यंत पाहिली. एका ठशापाशी त्या थांबल्या. "हा कशाचा ठसा?"

राखीनं मूठ मिटून कड दाखवली. विमलबाईंनी आपली मूठ मिटली, आडवी करून पाहिली, पुठ्ठ्यावरच्या पावलावर अलगद टेकवली. ती मोठी पडली.

"बरं," त्या सरळ होत म्हणाल्या. "कामरगावचे संच माझ्याकडंच राहू देत. कमी पडले कुणाला, तर तिकडं देईन." आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या.

परतीच्या जीपमध्ये ज्योत्स्नाबाईंच्या मांडीवर खोका होता. पुठ्ठा राखीनं उभा धरला होता. मंगरूळपीर मागं पडल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, हे शिरवायचं नसते ना?"

"नाही. हे ठेवायचं."

"मले माहीत होतं," राखी म्हणाली. "पुठ्ठा हाये."